दाजींच्या चित्रांखालची सही

माणूस परदेशी गेला की त्याचा जाच कमी होतो असं ज्यांना वाटतं, त्यांची आमच्या दाजींशी गाठ पडलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तळेगावात आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहत होते, तेव्हा आठवड्यातून फार तर दोनदा येऊन माझं डोकं खात. दोन वर्षांपूर्वी ताई गेली, लेकीने त्यांना आपल्याकडे कॅनडाला नेलं, आणि तेव्हापासून ते तिथून रोज, न चुकता, माझं डोकं खातात. इथे असताना त्यांनी मला कधी भाजी आणायलासुद्धा पाठवलं नाही. तिथे गेल्यापासून मात्र बेगडेवाडीच्या फलाटापासून आंदर मावळातल्या डोंगरापर्यंत मला पायी हिंडवलं आहे, तेही हातात मोजायची टेप देऊन. माझं वय बासष्ट आहे आणि गुडघे त्याहून थोरले आहेत, हे दाजींना ठाऊक आहे. ते म्हणतात, "मेहुणे, गुडघ्याला लोड दिला नाही तर तो जाम होतो."

लोड, जाम, टॉलरन्स, क्लिअरन्स ही त्यांची मातृभाषा. पस्तीस वर्षं एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते, म्हणजे यंत्राच्या सुट्या भागांची मापासकट ड्रॉइंग काढायचं काम. मिलिमीटरने माणसाचं काय होतं हे बघायचं असेल तर दाजींना बघावं. पहिल्यांदा मुलगी बघायला आमच्या घरी आले तेव्हा उंबऱ्यातच थांबले, मान तिरकी करून दाराकडे पाहिलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "चौकट अर्धा इंच कललीय." वडिलांना वाटलं, हे स्थळ गेलं. मग ताई पोहे घेऊन आली. मुलाने मुलीला शिक्षण, स्वयंपाक, गाणं असं काही विचारायची रीत होती. दाजींनी एकच प्रश्न विचारला, "घड्याळ उजव्या हातात का घालता?" ताई म्हणाली, "सवय." दाजींनी मान डोलवली, पोहे संपवले, आणि लग्न ठरलं. पुढे संसारात ताईच्या लाडवांना त्यांनी व्हर्नियर लावलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. प्रत्येक लाडू मोजून, "टॉलरन्समध्ये आहे," म्हणजे फरक चालण्याइतकाच आहे, असं म्हणून ताटात ठेवायचे. दुसऱ्या एखाद्या बाईने तो व्हर्नियर विहिरीत टाकला असता. ताई तोंडाला पदर लावून हसायची.

हा माणूस लहानपणी चित्रं काढायचा, हे सांगितलं तर खोटं वाटेल. पण काढायचा. आंदर मावळातल्या त्यांच्या गावी कागद मिळत नसे, म्हणून कोळशाने लोकांच्या भिंतींवर काढायचा आणि मार खायचा. पुढे वडगावच्या शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत 'ए' ग्रेड मिळवली आणि पुण्याला जाऊन चित्रकलाच शिकायची म्हणून हटून बसला. त्यांच्या वडिलांनी आयटीआयचा फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. "चितरंच काडायचीत न्हवं? मग ही काड. ह्येला पगार आस्तो." दाजींनी ती काढली, आणि त्यानंतर कारखान्याबाहेर पेन्सिल म्हणून हातात धरली नाही. ताई दिवाळीला रांगोळीचे ठिपके घालून द्या म्हणायची, तर म्हणत, "सुट्टीच्या दिवशी काम सांगू नको."

पन्नास वर्षं बंद असलेलं हे प्रकरण बंदच राहिलं असतं, आणि माझं म्हातारपण सुखात गेलं असतं. पण कॅनडातल्या त्यांच्या लेकीच्या स्वयंपाकघरात एका कपाटाची बिजागरी तुटली. लेक आणि जावई कामावर. दाजी तुटकी बिजागरी खिशात घालून बर्फातून हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथे खिसा चाचपतात तर त्याला भोक, बिजागरी वाटेत बर्फात पडलेली. इंग्रजीत बोलायची दाजींना पहिल्यापासून धास्ती. त्यांनी दुकानदाराची पेन्सिल मागून घेतली आणि पावतीच्या पाठीवर त्या बिजागरीचं चित्र काढलं, समोरून, वरून, बाजूने, भोकांच्या मापांसकट. दुकानदाराने बिजागरी तर दिलीच, वर ते चित्र गल्ल्यामागच्या भिंतीला टाचणीने लावून टाकलं. दाजींनी त्या संध्याकाळी मला फोन केला. आवाज ओळखू येईना. म्हणाले, "पस्तीस वर्षांत माझं ड्रॉइंग कोणी भिंतीला लावलं नव्हतं हो." मला भरून आलं. आपल्यापुढे काय वाढून ठेवलं आहे याची कल्पना असती तर भरून आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली आणि ते सुटले. आधी जावयाचं चित्र काढलं. समोरून, बाजूने आणि वरून. बाजूच्या चित्रात पोटाचा घेर मिलिमीटरमध्ये आणि वरच्या चित्रात टकलाचा व्यास. जावई भला माणूस, तो फक्त संध्याकाळचा पळायला जाऊ लागला. मग लेकीने त्यांना तिथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या चित्रकलेच्या वर्गात घातलं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, मनात जे येईल ते काढा. दाजींनी विचारलं, "कुठल्या स्केलला?" चौथ्या दिवशी भांडण झालं. आपल्याकडे वस्तू वरून कशी दिसते ते चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढतात, तिकडे ते वर काढतात म्हणे. बाईंना बिचाऱ्यांना हे दोन्ही माहीत नव्हतं, त्या फळांची टोपली रंगवायला सांगत होत्या. दाजींनी वर्ग सोडला. मी म्हटलं, "दाजी, मग तिथला बर्फ काढा, झाडं काढा, घरं काढा." ते म्हणाले, "इथं सगळं काटकोनात आहे. काढायला काय आहे?" आणि मावळ काढायला घेतला.

इथवर कोणाची काही तक्रार नव्हती. पण कारखान्याच्या शिस्तीत ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकोन असतात: काढणारे, तपासणारे, मंजुरी. काढणाऱ्याने स्वतःचं ड्रॉइंग तपासायचं नाही, ते दुसऱ्याच माणसाने वस्तूपाशी जाऊन, मापं ताडून बघायचं आणि सही करायची. सही नसेल तर तो कागद कारखान्यात फडक्यासारखा वापरतात. दाजींनी पहिल्याच चित्राखाली हे तीन चौकोन आखले. पहिल्यात स्वतःची सही केली. तिसरा, मंजुरीचा, रिकामा ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "घरात मंजुरी तुमच्या ताईची असायची. तो राहू दे." आणि मधल्या चौकोनात मला न विचारता माझं नाव टाकलं.

म्हणजे व्यवस्था अशी. दाजींनी तिथे बसून आठवणीतून चित्र काढायचं आणि फोनवर पाठवायचं. मी ते झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्यायचं, जागेवर जायचं, टेप लावायची, चूक असेल तिथे लाल पेनाने लिहायचं, शाईची सही करायची आणि फोटो काढून परत पाठवायचा. बेगडेवाडी स्टेशनावर एका बाकाची लांबी मोजण्यासाठी मी त्यावर झोपलेल्या गृहस्थांना उठवलं. ते म्हणाले, "गाडी आली का?" मी म्हटलं, "नाही, बाक मोजायचंय." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढे कितीतरी दिवस मला त्या स्टेशनावर उतरायची लाज वाटत होती. लोणावळ्याच्या बाजारात एका दुकानाची फळी किती बाहेर आलीय हे बघायला टेप लावली, तर मालकाने घाईघाईने फळी, तिच्यावरच्या बरण्या आणि शेजारचा स्टुलावर बसलेला सासरा, सगळं आत घेतलं आणि मला चहा पाजला. त्याला वाटलं मी अतिक्रमणवाला. मी खरं काय ते सांगितल्यावर त्याने चहाचा कप अर्ध्यातच उचलून नेला. पवनानगरला माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपच्या मागच्या फळीची रुंदी घेत होतो तर ड्रायव्हर म्हणाला, "आबा, बसायचंय का मोजायचंय? मोजायचं आसंल तर पुडच्या खेपंला मोजा." तीन महिन्यांत मावळ तालुक्यात माझी अशी ओळख झाली की लोक मला बघून वस्तू झाकू लागले.

एवढं करून कौतुक काय, तर "बाकाचा तिसरा पाय तिरका आहे तो तुम्ही टिपला नाहीत." मी वैतागून म्हणायचो, "दाजी, हा काय भाग आहे का कुठल्या मशीनचा? बाक चार इंच इकडे तिकडे झालं तर कोणाचं काय बिघडतं?" ते शांतपणे म्हणायचे, "माझं बिघडतं. मला इथून दिसत नाही ना. तुम्ही बघितलं म्हणजे मी बघितलं." मी चप्पल घालून निघायचो.

आता माझा गुन्हा सांगतो. मी एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत काढली. 'तपासले' असं लिहून सही करणं हेच माझं काम, आणि त्यात प्रत्यक्ष तपासणं येत नाही हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो. भाद्रपदातलं ऊन होतं. दाजींनी आपल्या गावच्या देवळाचं चित्र पाठवलं: देऊळ, पायऱ्या, दीपमाळ, फणस, समोर बांधीव विहीर. आंदर मावळात ते गाव पार आत. दिवसातून दोनदा एस.टी., तीही आली तर, आणि फाट्यापासून पुढे तासाभराची चढण. चाळीस वर्षांपूर्वी दाजींच्या वरातीत तिथे गेलो होतो, तेव्हाही गुडघ्यांनी तक्रार केली होती. मी घरातच पंख्याखाली बसलो, चहाबरोबर दोन बटर खाल्ले, चित्राखाली झोकात सही केली, वर 'समक्ष पाहिले' असं लिहिलं आणि दोन दिवस थांबून पाठवून दिलं. दोन दिवस थांबायची अक्कलही नोकरीतलीच.

दाजींचा फोन आला. "मेहुणे, विहिरीला पाणी कितपत आहे?"

मी म्हटलं, "चांगलं आहे. पाऊस झालाय यंदा."

"बरं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "त्या देवळासमोर विहीर कधीच नव्हती. तपासणारा झोपलाय का ते बघायला आम्ही कारखान्यात ड्रॉइंगमध्ये एक चूक मुद्दाम टाकून ठेवायचो. बसा तुम्ही. ऊन फार आहे."

रागावले असते तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द बोलता आले असते. ते रागावले नाहीत. त्यांनी चित्रं पाठवायची थांबवली. पहिला आठवडा मी सुटकेचा नि:श्वास टाकत काढला. दुपारी झोपलो. टेप खुंटीला टांगली. दुसऱ्या आठवड्यात फोन बिघडलाय का म्हणून शेजाऱ्याकडून एकदा स्वतःला फोन करून घेतला. तिसऱ्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामा, तुमचं आणि बाबांचं काही झालंय का? त्यांनी वही कपाटावर टाकलीय. दिवसभर खिडकीशी बसतात. आई गेल्यावर बसायचे ना, तसे. मी म्हटलं काढा ना काहीतरी, तर म्हणतात, तपासायला कोणी नाही." मी म्हटलं, "काही नाही गं, म्हातारपण." फोन ठेवला. ताईने जाताना मला एकच सांगितलं होतं, "यांच्याकडे लक्ष ठेव. माणूस चक्रम आहे, पण तुझ्याशिवाय त्यांना कोणी नाही." आणि मी विहिरीत पाणी सांगत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघालो. एस.टी. आली, हे नशीब. फाट्यापासून वर चढताना दाजींना जेवढ्या शिव्या देता येतील तेवढ्या दिल्या. वर पोचलो, देवळापुढच्या कातळावर टेकलो आणि टेप काढली. शेजारच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली.

"काय मोजतुयास रं बाबा? सरकारी हायस का?"

"नाही मावशी. इथं समोर विहीर होती का कधी?"

"हितं? हितं कुटली इहीर? खाली समदा खडक हाय. माज्या सासऱ्यानं दोन येळा सुरुंग लावलाता, टिपूस न्हाई लागला. कुनी सांगितलं तुला?"

मी दाजींचं नाव सांगितलं. म्हातारी काठीवर हनुवटी टेकून हसायला लागली. "त्यो व्हय? लय बेनं. आमच्या भितीवर कोळशानं बैल काडलाता. आमचाच बैल, येक शिंग मोडल्याला, आगदी तसाच. ह्याचा बा मारत मारत घिऊन गेला त्येला. मी म्हनलं, आरं मारू नगंस, भित माजी हाय. लय दीस ठिवलाता म्यां त्यो बैल, सारवताना तेवडी जागा सोडून सारवायची. मग भितच पडली." मग तिने विचारलं, "आता काडतो का काई?"

"काढत होते, मावशी. हल्ली बंद केलंय."

"का?"

खोटं बोलायची एवढी सवय असून मला तिच्यापुढे बोलता आलं नाही. म्हटलं, "माझ्यामुळं."

म्हातारीने काठी बाजूला ठेवली. टेपचं दुसरं टोक तिने वाकून हातात धरलं आणि म्हणाली, "मोज मग." आम्ही दोघांनी मिळून ते देऊळ मोजलं. पायऱ्या चित्रात सहा होत्या, जागेवर पाच निघाल्या. दीपमाळ चित्रात दोन हात उजवीकडे गेली होती. फणस बरोबर होता. विहिरीवर मी लाल पेनाने फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'येथे खडक आहे. दोनदा सुरुंग लावून पाहिला.' खाली म्हातारीच्या तोंडचं तिचं वाक्य, बैलासकट, जसंच्या तसं लिहिलं. सही केली. परतीची गाडी चुकली, फाट्यावरून एका दुधाच्या टेम्पोत किटल्यांच्या मधे बसून वडगावला आलो. गुडघ्यांविषयी काही लिहीत नाही.

घरी येऊन फोटो पाठवला. पाच दिवस उत्तर नाही. सहाव्या दिवशी चित्र आलं. पायऱ्या पाच, दीपमाळ सरकवलेली, विहिरीच्या जागी कातळ, आणि कातळाला लागून एका मोडक्या शिंगाचा बैल. बैलाला एकही माप दिलेलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'सुधारित आवृत्ती एक. बेगडेवाडीच्या बाकाच्या तिसऱ्या पायाचं राहिलंय, ते तेवढं बघून घ्या.' मी बायकोला म्हटलं, "सुरू झाला हा माणूस पुन्हा." बायको म्हणाली, "मग तुम्ही हसताय कशाला?"

त्यानंतर या महिन्यात एक चित्र आलं, त्याला मात्र कुठेच जायचं नव्हतं. ताईचं होतं. पायरीवर बसून सुपात तांदूळ निवडते आहे आणि कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून मान वर केली आहे. समोरून, वरून, बाजूने असलं काही नाही, एकच चित्र. माप नाही, स्केल नाही. मी चष्मा पुसला. ताईच होती. आणि मग मला दिसलं की घड्याळ डाव्या मनगटावर आहे.

चित्र खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यात एकच प्रश्न विचारून लग्न ठरवलं, तो त्या प्रश्नातलंच विसरला, तर मग मागे काय उरलं? घड्याळ उजव्या हातात का, हे ताईने त्यांना सांगितलं होतं ते 'सवय' इतकंच. खरं कारण मला माहीत होतं. मी सात वर्षांचा होतो, ताई बारा. ती स्टोव्हवरून चहाचं आधण उतरवत होती, मी पळत येऊन तिच्यावर आदळलो, आणि ते उकळतं पाणी तिच्या उजव्या मनगटावर सांडलं. घरात तिने सांगितलं की तिच्याच हातून सांडलं. मी गप्प बसलो. भाजल्याचा डाग राहिला, तो झाकायला ती जन्मभर त्या हातात घड्याळ घालत आली, आणि मी जन्मभर गप्पच आहे.

पुष्कळ विचार केला. आहे तशी सही करावी, म्हाताऱ्याला कशाला दुखवा, असंही वाटलं. पण एकदा तसं करून बघितलं होतं. लाल पेनाने लिहिलं, 'घड्याळ उजव्या मनगटावर हवे.' कारण लिहिलं नाही. पाठवून दिलं.

तासाभरात उत्तर आलं. "बरोबर. बघता का ते बघत होतो." माझा विश्वास बसला नाही. वाटलं, विसरलेच होते, आता सावरून घेतायत. दुसऱ्या दिवशी सुधारित चित्र आलं. घड्याळ उजवीकडे. पट्ट्याच्या कडेखालून, नीट पाहिलं तरच दिसेल असा, डागाचा अर्ध्या करंगळीएवढा तुकडा. डागाविषयी मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आणि खाली, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, कारखान्याच्या रीतीप्रमाणे दोन टिपा.

'टीप १. डाग चहाच्या आधणाचा.

टीप २. धक्का मेहुण्यांनी दिला. ती हे सांगताना नेहमी हसायची. तपासून सही करावी.'

चाळीस वर्षं हा माणूस माझ्या घरी येऊन माझा चहा पीत होता, माझ्या चौकटीला, गुडघ्यांना, सरकारी खात्याला नावं ठेवत होता, आणि हे त्याने एकदाही तोंडातून काढलं नाही. मी ते चित्र टेबलावर ठेवलं, टीप दोन पुन्हा वाचली, आणि मधल्या चौकोनात सही केली. सही जरा तिरकी आली आहे. त्यावरून उद्या फोन येणार, हे मला माहीत आहे.